पिन बसली म्हणून भागलं असं नाही!

जगभरच्या भिंतींवर विजेच्या सॉकेटचे पंधरा प्रकार आहेत. इंग्रजी ‘ए’पासून ‘ओ’पर्यंतची अक्षरं त्यांना वाटून दिलेली आहेत आणि त्यातली सी, डी आणि एम ही तीन आपल्या भारतीय घरांत नांदतात. व्होल्टेज कुठे 100, कुठे 120, कुठे 230. वारंवारता कुठे 50 हर्ट्‌झ, कुठे 60. त्यामुळे परदेशी हॉटेलच्या खोलीत चार्जर हातात घेऊन उभं राहिलं की दोन प्रश्न पडायला हवेत: ‘बसेल का?’ आणि ‘सोसेल का?’ पहिल्याचं उत्तर डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात. वस्तू जळतात त्या मात्र दुसऱ्यापायी.

तर या दोन प्रश्नांच्या निमित्ताने भिंतीतल्या भोकांची ही जगप्रदक्षिणा.

आपली थ्री-पिन साहेबाने टाकली, आपण ठेवली

भारतातली गोल पायांची थ्री-पिन मूळची ब्रिटिश. तिचं मानक 1934 मधलं, नाव ‘बीएस 546’. पुढे ब्रिटनने घरांसाठी चौकोनी पायांचा नवा प्लग काढला आणि ही गोल पिन मोडीत काढली. आपण, नेपाळने आणि दक्षिण आफ्रिकेने ती जपली.

ब्रिटनमधून ती पुरती गेली असंही नाही. तिथल्या नाट्यगृहांत रंगमंचावरच्या दिव्यांना आजही हीच जाड गोल पिन लावतात. कारण सोपं आहे. ब्रिटनच्या नव्या प्लगच्या पोटात फ्यूज असतो. ऐन प्रवेशात उंचावर टांगलेल्या दिव्याचा फ्यूज उडाला तर शिडी लावून वर चढणार कोण? गोल पिनेत फ्यूज नसतो.

आणखी एक गंमत. गीझर आणि एसीसाठी आपण जो मोठा ‘पंधरा अँपियरचा’ पॉवर प्लग वापरतो, तो म्हणजे टाइप एम. दक्षिण आफ्रिकेतल्या घरांत हा मोठा प्लग म्हणजे रोजचा साधा प्लग. केपटाऊनला जाताना पुण्याच्या दुकानातली मोठी थ्री-पिन कामाला येते.

तांबं नव्हतं, म्हणून फ्यूज आला

लंडन, दुबई, सिंगापूर, क्वालालंपूर, हाँगकाँग, नैरोबी. या सगळीकडे भेटतो तो टाइप जी, तीन जाड चौकोनी पायांचा. त्याचं मानक 1947 चं. दुसऱ्या महायुद्धाने ब्रिटनची घरं पाडली होती, ती पुन्हा बांधायची होती आणि तांब्याची टंचाई होती. प्रत्येक सॉकेटला मुख्य बोर्डापासून वेगळी तार ओढणं परवडेना. म्हणून एकच तार घरभर फिरवून परत बोर्डाशी आणायची आणि वाटेत हवी तितकी सॉकेट काढायची, अशी युक्ती निघाली. पण मग त्या तारेचा फ्यूज मोठा ठेवावा लागणार आणि बारीक वायरीच्या टेबललॅम्पला त्याचं संरक्षण मिळणार नाही. उपाय असा केला की प्रत्येक उपकरणाने आपला फ्यूज आपल्याच प्लगमध्ये बाळगावा. तो आजही तिथेच आहे, बहुधा 3 किंवा 13 अँपियरचा.

हे सगळं ठरवणाऱ्या वीस जणांच्या समितीत बाई एकच होत्या, कॅरोलाइन हॅस्लेट. घरातली लहान मुलं भोकांत काहीबाही खुपसणार, त्यांचा विचार व्हावा यासाठी त्या आग्रही होत्या. त्या सॉकेटमध्ये खालच्या दोन भोकांवर झडपा असतात आणि वरची लांब अर्थिंगची पिन आत गेल्याशिवाय त्या उघडत नाहीत. आपल्याकडच्या नव्या सॉकेटमध्येही झडपा असतात. वरच्या भोकात पेन किंवा स्क्रूड्रायव्हर घालून टू-पिन बसवण्याचा आपला घरगुती उद्योग म्हणजे या सुरक्षेवरच केलेली मात आहे. परदेशात तो करू नये. खरं तर इथेही करू नये.

ब्रिटिश प्लगची दोन उपांगं. एक: तो जमिनीवर टाकला तर बहुतेक वेळा पाय वर करून पडतो, त्यामुळे रात्री अनवाणी चालणाऱ्यांनी जपावं. दोन: ब्रिटनमध्ये नवी उपकरणं प्लग लावूनच विकली पाहिजेत हा कायदा 1994 चा. त्याआधी पंखा किंवा टोस्टर वायर उघडी ठेवूनच मिळायचा. प्लग वेगळा आणायचा आणि जोडायचा आपण.

दाढीपुरती वीज

ब्रिटनमध्ये बाथरूममध्ये साधं सॉकेट शोधून सापडत नाही. असतं ते फक्त दाढीच्या यंत्रासाठीचं खास सॉकेट. त्याच्या आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे वापरणारा माणूस मुख्य पुरवठ्यापासून वेगळा राहतो. ट्रिमर आणि विजेचा टूथब्रश त्यावर चालतो. हेअर ड्रायर चालत नाही, तेवढी ताकदच त्यात नाही.

अमेरिकेत उलट तऱ्हा. तिथे बाथरूममध्ये बेसिनशेजारीच सॉकेट असतं, पण त्यावर दोन छोटी बटणं असतात, ‘टेस्ट’ आणि ‘रीसेट’. करंट वाट चुकून तुमच्या अंगातून जायला लागला, तर अवघ्या 5 मिलिअँपिअरच्या आसपास हे सॉकेट स्वतःच बंद पडतं. म्हणून तिथलं सॉकेट मेलेलं दिसलं तर रिसेप्शनला फोन करण्याआधी ‘रीसेट’ दाबून बघा.

आणि खटके? आपल्याकडे, ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात सॉकेटशेजारी बटण असतं. अमेरिका आणि युरोपात बहुतेक ठिकाणी ते नसतंच. पिन घातली की वीज सुरू. दिव्याचं बटण आपण खाली दाबून लावतो, अमेरिकन माणूस वर ढकलून लावतो.

युरोप एक, भोकं अनेक

बातमी चांगली आहे. भारतीय मोबाइलच्या चार्जरला बहुधा दोन बारीक गोल पाय असतात आणि ते युरोपातल्या बऱ्याच सॉकेटमध्ये थेट बसतात. युरोपच्या साध्या टू-पिनचे पाय 4 मिलिमीटर जाड, थोडे लवचीक आणि टोकांकडे किंचित जवळ आलेले असतात. त्यामुळे जर्मनी, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, डेन्मार्क असा देश बदलला तरी पिन एकच पुरते.

लॅपटॉपची थ्री-पिन मात्र अडते. आपल्या डी प्रकारातल्या छोट्या थ्री-पिनचे पाय 5 मिलिमीटरहून जरा जाड असतात आणि जर्मन-फ्रेंच सॉकेटची भोकं 4.8 मिलिमीटरच्या पायांसाठी केलेली. जोर लावून उपयोग नाही. आणखी एक अडथळा असतो. जर्मन सॉकेट भिंतीत गोल खोलगट असतं, त्यामुळे चार्जरचं अंग चौकोनी आणि रुंद असेल तर पाय बरोबर असूनही तो आत शिरत नाही.

जर्मनी आणि फ्रान्स यांचं अर्थिंगवरून कधी पटलं नाही. जर्मन सॉकेटमध्ये कडेला दोन पत्र्याच्या पट्ट्या असतात, तर फ्रेंच सॉकेटमधून एक पिन बाहेर डोकावते. शेवटी दोन्ही ठिकाणी बसणारा प्लग निघाला आणि आज युरोपात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वस्तूंना तोच असतो.

डेन्मार्कचं सॉकेट बघून मुलं खूश होतात: दोन गोल डोळे आणि खाली हसरं तोंड. इटलीत छोट्या आणि मोठ्या अशा दोन मापांच्या पिना दिसतात. एकेकाळी तिथे दिव्यासाठीची वीज आणि यंत्रांसाठीची वीज वेगवेगळ्या दराने मिळायची. स्वस्त विजेवर दिवे लावता येऊ नयेत म्हणून पिनेचं माप वेगळं ठेवलं. दर एक झाले, मापं राहिली.

ओळखीचा चेहरा, अनोळखी दाब

आता खरी फसगत. दोन चपट्या पात्यांची पिन दिसली की मनात येतं, ‘अमेरिकन आहे, म्हणजे 120 व्होल्ट.’ पण हीच पिन फिलिपिन्समध्ये, पेरूमध्ये, व्हिएतनाममध्ये, थायलंडमध्ये आणि चीनमध्येही बसते. तिथे मागे असतात 220 ते 230 व्होल्ट. अमेरिकेतून आणलेलं केस सरळ करायचं यंत्र मनिलात किंवा बँकॉकमध्ये अगदी सहज बसतं. पुढचा धूरही सहजच येतो.

ब्राझीलमध्ये तर देशभर पिन एकच आणि व्होल्टेज दोन. रिओ आणि साओ पावलोत साधारण 127, राजधानी ब्राझिलियात 220. एकाच देशात विमानाने दोन तास गेलं की हिशेब बदलतो, म्हणून तिथे हॉटेलवाल्याला विचारणं हाच उपाय.

ऑस्ट्रेलिया आणि अर्जेंटिना यांची तिरप्या पायांची पिन दिसायला एकच. पण एकाकडे ज्या भोकात फेज, दुसऱ्याकडे तिथे न्यूट्रल. मोबाइल चार्जरला त्याने फरक पडत नाही, वायरिंग करणाऱ्याला मात्र पडतो. चीनमध्ये हीच पिन उलटी लावतात, अर्थिंग वरच्या बाजूला. ही तिरपी पिन ऑस्ट्रेलियाची ओळख झाली असली तरी तिचं पेटंट 1916 मध्ये अमेरिकेतल्या हबेल कंपनीच्या नावावर निघालं होतं. अमेरिकेत ती फारशी रुजली नाही, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाने उचलली.

थोडक्यात, भोकाचा आकार त्या देशाचा इतिहास सांगतो. भोकामागच्या व्होल्टेजबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

120 आणि 230: भांडण कशावरून?

एडिसनचं न्यू यॉर्कमधलं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र 1882 मध्ये सुरू झालं ते 110 व्होल्टच्या आसपास, त्याच्या कार्बनच्या दिव्यांना मानवेल असं. घराघरांत तीच व्यवस्था रुजली आणि अमेरिका पुढे 120 वर स्थिरावली. युरोपात विजेचं जाळं पसरत असताना हिशेब वेगळा झाला. व्होल्टेज दुप्पट केलं तर तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो, करंट निम्मा झाला की तार बारीक चालते आणि तांबं वाचतं. ब्रिटनमार्गे आपणही त्याच पंगतीत बसलो.

इथे घरातल्या पाण्याची टाकी आठवावी. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर: व्होल्टेज म्हणजे ती उंची आणि करंट म्हणजे नळातून वाहणारं पाणी.

अमेरिकन घरात 240 व्होल्ट येतच नाहीत असं मात्र नाही. येतात, पण 120-120 असे दोन भाग होऊन. कपडे वाळवायचं यंत्र आणि मोठी शेगडी पूर्ण 240 वर चालते, बाकीची सॉकेट अर्ध्यावर.

चहाचं गणित

तापणाऱ्या वस्तूंचा नियम कडक आहे. व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता निम्मी नाही, पाव होते. पुण्याहून नेलेली 1000 वॉटची 230 व्होल्टवाली किटली अमेरिकेत 120 व्होल्टवर लावली तर ती उरते जेमतेम 270 वॉटची. जपानमध्ये 100 व्होल्टवर 190. लिटरभर साधं पाणी घरी साडेपाच-सहा मिनिटांत उकळतं. अमेरिकेत त्याला वीस मिनिटं, जपानमध्ये जवळपास अर्धा तास. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात वाटेत उष्णता उडून जाते, त्यामुळे चहा आणखी लांबतो.

उलट दिशेने गेलं तर गंमत संपते. अमेरिकेतला 1500 वॉटचा हेअर ड्रायर मुंबईत 230 व्होल्टवर लावला तर तो साडेपाच हजार वॉट ओढू पाहील. तेवढं ओढून होईपर्यंत तो शिल्लक राहत नाही.

इंग्रज माणसाच्या चहाचं रहस्यही यातच आहे. तिथली किटली 3000 वॉटपर्यंतची असते. अमेरिकेत साध्या सॉकेटवर 1500 वॉटच्या आसपासच थांबावं लागतं, म्हणून तिथे पाणी उकळायला दुप्पट वेळ.

मिक्सर निघाला न्यू जर्सीला

लेक अमेरिकेला निघाली की बॅगेत कुकर, पोळपाट-लाटणं, गोडा मसाला आणि मिक्सर, अशी यादी होते. पहिले तीन निर्धास्त जाऊ द्या. मिक्सरपाशी थांबा. 230 व्होल्टचा भारतीय मिक्सर अमेरिकेत 120 वर फिरेल, पण रडत फिरेल. दाण्याचं कूट कसंबसं होईल, ओल्या खोबऱ्याची चटणी होणार नाही.

उपाय दोन. एक, व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर. पण 750 वॉटच्या मिक्सरला सुरू होताना झटका मोठा लागतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर साधारण दुप्पट क्षमतेचा घ्यावा, आणि तो ओट्यावर धोंड्यासारखा पडून राहतो. दोन, भारतीय कंपन्याच अमेरिकेसाठी 110 व्होल्टचे मिक्सर बनवतात, भांडी अगदी आपल्यासारखीच. शहाणी माणसं दुसरा मार्ग धरतात.

मिक्सरच्या मोटारीला 50 की 60 हर्ट्‌झ याची फिकीर नसते. टेबलफॅन आणि इडलीचं पीठ वाटणाऱ्या दगडी ग्राइंडरच्या मोटारीला मात्र असते. त्या विजेच्या ठेक्यावर, म्हणजे वारंवारतेवर, फिरतात. ठेका वीस टक्क्यांनी वाढला की त्या तेवढ्या जोरात पळायला बघतात आणि तापतात.

जपान: एक देश, दोन ठेके

1890 च्या दशकात टोकियोच्या वीजकंपनीने जनित्रं मागवली जर्मनीच्या एईजीकडून, ती 50 हर्ट्‌झची. ओसाकाने मागवली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून, ती 60 हर्ट्‌झची. सव्वाशे वर्षं उलटून गेली, देश बुलेट ट्रेनवर बसला, पण हा ठेका एक झाला नाही. आजही पूर्व जपानात 50 आणि पश्चिमेत 60. सीमा जाते फुजी नदीच्या आणि इतोइगावाच्या आसपासून. टोकियो एका बाजूला, क्योतो-ओसाका दुसऱ्या.

प्रवाशाला हे जाणवत नाही. जपानला ते महागात पडलं मार्च 2011 मध्ये. भूकंप आणि त्सुनामीनंतर पूर्वेकडची वीजकेंद्रं बंद पडली. पश्चिमेत वीज होती, पण ठेका बदलून पलीकडे पाठवणाऱ्या यंत्रणेची क्षमता होती जेमतेम हजार-बाराशे मेगावॉट. टोकियोच्या परिसरात पाळीपाळीने वीज बंद ठेवावी लागली.

जपानी सॉकेट दिसतं अमेरिकन, पण बहुधा दोनच भोकांचं. अमेरिकेसाठी घेतलेली तीन पायांची पिन तिथे अडते. आणि टोकियोच्या अकिहाबारा बाजारातून भात शिजवायचा सुंदर कुकर आणायचा मोह झालाच, तर परदेशी ग्राहकांसाठीचं 220-240 व्होल्टचं मॉडेल मागून घ्या. 100 व्होल्टचा कुकर ठाण्यात लावला तर त्यावर पाचपट शक्ती कोसळेल.

सहा मिनिटं गेली कुठे?

2018 च्या सुरुवातीला पोर्तुगालपासून तुर्कस्तानापर्यंत ओव्हनवरची आणि उशाशेजारची घड्याळं मागे पडायला लागली. मार्च उजाडेपर्यंत जवळपास सहा मिनिटं. ही घड्याळं विजेचे ठेके मोजून वेळ सांगतात. सर्बिया आणि कोसोवो यांच्या वादात कोसोवोकडे वीज कमी पडत होती आणि ती तूट कुणी भरून काढत नव्हतं. सगळा खंड एकाच जाळ्यात बांधलेला असल्यामुळे सगळीकडचा ठेका 50 वरून सरासरी 49.996 वर आला. एवढीशी घसरण, पण आठवड्यांमागून आठवडे.

यावरून ताडा: असं जुनं टेबलावरचं घड्याळ शिकागोहून नागपूरला आणलं आणि ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवलं, तरी ते दर तासाला दहा मिनिटं मागे पडेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, ठेका बदलत नाही.

कागदावर बदललं आणि खरोखर बदललं

ब्रिटनमध्ये पूर्वी 240 व्होल्ट होते, युरोपात 220. एकवाक्यता हवी म्हणून दोघांनी 230 मान्य केले. ब्रिटनने 1995 पासून कसं केलं? वीजकेंद्रांना हात न लावता. नवी व्याख्या अशी ठरली की 230, अधिक 10 टक्के, उणे 6 टक्के. म्हणजे 216 ते 253 सगळं चालेल. जुने 240 त्यात आरामात मावले. एक तारही न बदलता देशाचं व्होल्टेज बदललं!

दक्षिण कोरियाने याच्या उलट, खरोखर बदलून दाखवलं. घरोघरचे 110 व्होल्ट 220 करण्याचं काम 1973 मध्ये सुरू झालं आणि 2005 मध्ये संपलं. बत्तीस वर्षं! म्हणून आज सोलमध्ये सॉकेट जर्मन वळणाचं, व्होल्टेज आपल्या जवळचं आणि ठेका मात्र अमेरिकन, 60 चा.

सगळ्या जगासाठी एकच प्लग असावा म्हणून आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रोटेक्निकल कमिशनने 1986 मध्ये एक नेटका नमुना काढला. मनावर घेतला तो मुख्यतः ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका या दोन देशांनी, आणि ब्राझीलने त्यातही आपली सोय पाहून फेरफार केले. एकीकरणासाठी काढलेला प्लग यादीत आणखी एक अक्षर वाढवून गेला: टाइप एन.

पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं

‘सोसेल का?’ याचं उत्तर चार्जरच्या पाठीवर छापलेलं असतं. ‘इनपुट’ या शब्दापुढे 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्‌झ असं दिसलं, की जगात कुठेही जा. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा यांचे आजचे चार्जर जवळपास सगळे असेच. आत आलेली वीज ते आधी सरळ करून घेतात, मग तिचे सेकंदाला हजारो तुकडे करून हवं तेवढंच व्होल्टेज पुढे सोडतात. त्यामुळे बाहेर 100 असोत की 240, त्यांना फरक पडत नाही. याच युक्तीमुळे ते तळहातावर मावतात. जुन्या रेडिओचा चार्जर वजनदार असायचा, कारण त्यात लोखंड-तांब्याचा अख्खा ट्रान्सफॉर्मर असे.

फक्त 220-240 लिहिलेलं असेल तर अमेरिका-जपान विसरा. फक्त 110-120 असेल तर ती वस्तू भारतात लावू नका. इस्त्री, किटली, हेअर ड्रायर, पाणी तापवायची रॉड, मिक्सर ही संशयित मंडळी. काही प्रवासी इस्त्र्यांना आणि ड्रायरना 115/230 असा छोटा सरकता खटका असतो. तो नखाने किंवा नाण्याने फिरवावा लागतो, आणि घरी परतल्यावर तो पुन्हा जागेवर आणायचा असतो हे लक्षात राहत नाही!

अडॅप्टर म्हणजे कन्व्हर्टर नव्हे

विमानतळावरच्या दुकानातला ‘युनिव्हर्सल अडॅप्टर’ फक्त पायांचा आकार बदलतो. 120 व्होल्ट आत गेले तर 120च बाहेर येतात. व्होल्टेज बदलायला कन्व्हर्टर किंवा ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यातही स्वस्तातले हलके कन्व्हर्टर हे इस्त्री-ड्रायरसारख्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात, लॅपटॉप किंवा वैद्यकीय यंत्र त्यावर लावू नये.

आणखी एक: बऱ्याच युनिव्हर्सल अडॅप्टरमध्ये अर्थिंग जोडलेलंच नसतं, तिसरी पिन नुसती दिखाऊ असते. धातूच्या अंगाची इस्त्री किंवा किटली त्यावर लावणं धोक्याचं. आणि त्यावर छापलेले अँपियर वाचा. 6 अँपियरचा अडॅप्टर 230 व्होल्टवर साधारण 1400 वॉट झेपवेल, अमेरिकेत तोच 720 वरच थकेल.

ढगांतलं सॉकेट

विमानाच्या स्वतःच्या यंत्रणेत वीज असते 115 व्होल्टची आणि ठेका तब्बल 400 हर्ट्‌झचा. ठेका जलद असला की ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी लहान होतात, आणि आकाशात प्रत्येक किलोला किंमत असते. तुमच्या सीटखालच्या सॉकेटला मात्र ती बदलून, बहुधा 110 व्होल्ट 60 हर्ट्‌झ करून देतात. लॅपटॉप चालतो. इस्त्रीचा विचारही नको.

पॉवर बँक कायम हातातल्या बॅगेत, सामानात टाकायची नाही. सर्वसाधारण मर्यादा 100 वॉट-तास. 20,000 एमएएचची पॉवर बँक साधारण 74 वॉट-तासांची भरते, म्हणजे चालते. चीनमध्ये 28 जून 2025 पासून देशांतर्गत विमानांत ‘थ्री-सी’ या चिनी प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. बीजिंगहून शांघायला उडणार असाल तर ही खूण आधी शोधा.

त्याहून वर गेलं तरी सुटका नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात अमेरिकन भाग 120 व्होल्ट डीसीवर चालतो, रशियन भाग 28 वर. मधे कन्व्हर्टर आहेत!

कुठे काय? एका नजरेत

• दुबई, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, ब्रिटन, केनिया: टाइप जी, 230 च्या घरात. फक्त अडॅप्टर न्या.
• श्रीलंका: नव्या इमारतींत जी, जुन्या घरांत आपल्यासारख्या गोल पिना.
• मॉरिशस: जी आणि सी, 230. तिथल्या मराठी घरी पाहुणचाराला गेलात तर दोन्ही सापडतील.
• इस्रायल: टाइप एच, 230. पाय पूर्वी चपटे होते, 1989 पासून गोल. आपली बारीक टू-पिनही त्यात बसते. कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली नातलगांकडे चार्जर मागायची वेळ यायची नाही.
• बहुतेक युरोप, तुर्कस्तान, बाली, जॉर्जिया: बारीक टू-पिन चालते, लॅपटॉपच्या थ्री-पिनला अडॅप्टर. व्होल्टेजची चिंता नाही.
• थायलंड, व्हिएतनाम: सॉकेट चपट्या आणि गोल, दोन्ही पायांना बहुधा घेतं. 220 ते 230.
• ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड: तिरपी पिन, 230.
• नेपाळ: बहुतेक आपल्यासारखंच.
• अमेरिका, कॅनडा: चपटी पिन, 120 व्होल्ट, 60 हर्ट्‌झ. तापणाऱ्या आणि फिरणाऱ्या वस्तू घरी ठेवा.
• जपान: चपटी टू-पिन, 100 व्होल्ट. वरचीच सूचना, जास्त ठळक अक्षरांत.

बॅगेची चेन लावण्याआधी

घरातल्या सगळ्यांसाठी चार अडॅप्टर घेण्यापेक्षा एक चांगला अडॅप्टर आणि एक छोटा भारतीय एक्स्टेंशन बोर्ड न्यावा. एका भोकातून चार जणांचे फोन चार्ज होतात. फक्त बोर्डावर 250 व्होल्टपर्यंत चालेल असं लिहिलेलं असावं आणि त्याला किटली जोडू नये.

फोन, टॅबलेट आणि कॅमेऱ्यांना युरोपीय महासंघाने 28 डिसेंबर 2024 पासून यूएसबी-सी सक्तीचं केलं, लॅपटॉपची मुदत 28 एप्रिल 2026. त्यामुळे दोन-तीन तोंडांचा एकच यूएसबी-सी चार्जर घेतला की वायरींचं निम्मं भेंडोळं घरी राहतं.

हॉटेलात खोलीचं कार्ड भिंतीतल्या खाचेतून काढलं की बऱ्याचदा सॉकेटही बंद होतात, फोन चार्जिंगला लावून फिरायला गेलात तर परत येईपर्यंत तो तसाच. फ्रिज ज्या सॉकेटवर चालतो ते बहुधा चालू राहतं, शेजारी जागा आहे का पाहा. आणि अडॅप्टर घरी विसरलाच तर विकत घ्यायला धावण्याआधी रिसेप्शनवर विचारा. आधीच्या पाहुण्यांनी विसरलेल्या अडॅप्टरची पेटी पुष्कळ हॉटेलांत असते, आणि आपल्या चार्जरला बसेल असा एखादा त्यात निघतो. सोसेल का, हे मात्र त्या पेटीत मिळत नाही. ते चार्जरच्या पाठीवरच वाचायचं, चष्मा लावून.